कायम नोकरी सोडून ‘पर ड्युटी’: चिपळूणच्या एका सिस्टरचं प्रकरण

2023 च्या सप्टेंबरअखेर आमच्या रुग्णालयातल्या एका जुन्या स्टाफ नर्सने राजीनामा दिला आणि ऑक्टोबरपासून ती तिथेच ‘पर ड्युटी’वर येऊ लागली. जितक्या पाळ्या तितके पैसे, पाळी नाही तर पैसे नाहीत. चिपळूणमधलं हे पन्नासेक खाटांचं खासगी रुग्णालय. मी तेव्हा तिथे नर्सिंग इन्चार्ज होते आणि रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, माझ्याकडे होतं, त्यामुळे या प्रकरणाच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसल्या. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव देत नाही, सिस्टर एवढंच म्हणते.

सविस्तर लिहायचं कारण असं, की कोकणातल्या कितीतरी मुली मला हाच प्रश्न विचारतात. “मॅडम, नोकरी सोडून नुसत्या ड्युट्या केल्या तर जमेल का?” त्यांना घरासाठी वेळ हवा असतो. माझं मत या प्रकरणातून पक्कं झालं: वेळ मिळतो, पण नुसत्या पाळ्या कमी करून मिळत नाही. कोणत्या दिवशी नाही म्हणायचं हे आधी ठरलेलं आणि कागदावर आलेलं असेल तरच मिळतो. ते नसेल तर रुग्णालयाची गरज तेवढी भागते आणि घर आहे तिथेच राहतं, वर पगारही गेलेला असतो.

एका घरात दोन रोस्टर

सिस्टरचं घर चिपळूण-गुहागर रस्त्यावर, मार्गताम्हाण्याच्या पुढे एका वाडीत. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मुंबईत एका लहान नर्सिंग होममध्ये काढली, लग्न होऊन गावी आली, आणि मुलगी दोन वर्षांची असताना 2014 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे लागली. यजमान लोटे परशुराम एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. राजीनाम्याच्या वेळी मुलगी पाचवीत होती, मुलगा पाच वर्षांचा, अंगणवाडीत जाणारा. घरात सासूबाई. सासरे आधीच गेलेले.

आमच्याकडे पाळ्या तीन: सकाळी 8 ते 2, दुपारी 2 ते 8, आणि रात्री 8 ते सकाळी 8. लोट्याला यजमानांची फर्स्ट 6 ते 2, सेकंड 2 ते 10, थर्ड रात्री 10 ते 6, दर आठवड्याला फिरती. घरातून निघून वॉर्डात पोचायला सिस्टरला एसटीने सव्वा तास, पावसात त्याहून जास्त. म्हणजे सहा तासांच्या ड्युटीसाठी बाई जवळजवळ नऊ तास घराबाहेर. यजमानांची थर्ड आणि हिची नाईट एका आठवड्यात आली की रात्री मुलं आणि आजी एवढंच घर. ही गाठ पडली की मी शक्य तेव्हा सोडवायचे. पण वॉर्डातल्या प्रत्येकीचं असंच काहीतरी असतं, आणि एकीच्या नवऱ्याच्या पाळीवर सगळं रोस्टर बसवता येत नाही.

यात 22 जुलै 2021 चा पूर आला. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, फोन बंद पडले. सिस्टर नाईट संपवून निघायची ती वॉर्डातच राहिली. रस्ते बंद असल्यामुळे यजमान लोट्याला अडकले. गावात घर सुखरूप होतं, पण दोन दिवस कुणाला कुणाचा पत्ता नव्हता. पाणी ओसरलं, घर पुन्हा रुळावर आलं. मुलगी मात्र त्यानंतर आई ड्युटीला निघताना पायरीवर येऊन उभी राहायची आणि गाडी गेल्याशिवाय आत जायची नाही.

एवढं असूनही सिस्टरच्या मनात नोकरी सोडायचा विचार नव्हता. घर सासूबाईंच्या जिवावर चालत होतं. दोन वेळचं जेवण, मुलांचे डबे, सुपारीच्या आगरात शिंपणं, सगळं त्या बघायच्या. 2023 च्या जूनमध्ये पावसाने चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं, त्यावरून त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. घर ज्यांच्यावर होतं त्यांनाच आता उठवून बसवायचं होतं. सिस्टरची पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, संपली, मग बिनपगारी रजा झाली, मग शेजारच्या काकूंना महिना 2,500 देऊन मुलाला आणि आजीला बघायला सांगितलं. काकू प्रेमाने करायच्या, पण त्यांचीही शेती होती, गुरं होती.

त्या वर्षी 19 सप्टेंबरला गणपती बसले. गौरीपूजनाच्या दिवशी सिस्टर दुपारपाळीत होती, कारण आदल्या वर्षी तिला सुट्टी मिळाली होती आणि यंदा दुसरीचा हक्क होता. त्यात कुणाची चूक नव्हती. पुढच्या आठवड्यात ती राजीनामा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

सर्वांत जास्त विरोध सासूबाईंचा होता. अंथरुणावर पडल्यापडल्या त्या म्हणायच्या, “नोकरी सोडू नको गो. माझं काय, मी आज हाय उद्या नाय.” मी त्यांना भेटायला गेले तेव्हा मलाही हेच सांगितलं. त्यांच्या पिढीत बाईच्या हातात नियमित पगार आलेला त्यांनी फार थोड्या घरांत पाहिला होता, आणि त्याची किंमत त्या आमच्यापेक्षा जास्त ओळखून होत्या.

पैशांचा हिशेब

हा हिशेब आम्ही दोघींनी वॉर्डच्या मागच्या खोलीत बसून केला. तो जसाच्या तसा देते, कारण बहुतेक जणी हा हिशेब न करताच निर्णय घेतात.

कायम नोकरीत तिची बेसिक, म्हणजे मूळ पगार, 9,100 आणि पीएफ कापून हातात 16,200 च्या आसपास. त्यातून काकूंचे 2,500 आणि एसटीचे साधारण हजार रुपये जायचे. एसटीत महिलांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं म्हणून हजारात भागायचं, नाहीतर तेही दुप्पट झाले असते. घरात राहायचे 12,700.

पर ड्युटीचा दर ठरला दिवसाच्या सहा तासांना 650 आणि बारा तासांच्या नाईटला 1,250. आता प्रवासाचा विचार करा. एका दिवसपाळीसाठी अडीच तास प्रवास आणि 650 रुपये. तेवढाच प्रवास करून एका नाईटचे 1,250. लांब राहणाऱ्या नर्सला पर ड्युटीत नाईटच परवडते. पण नाईट कधी करायची? यजमानांची थर्ड असेल तेव्हा नाही, कारण रात्री दोघंही बाहेर. फर्स्ट असेल तेव्हाही नाही, कारण ते पहाटे साडेचारला निघतात आणि ती सकाळी साडेनऊला पोचते. उरला सेकंडचा आठवडा. ती संध्याकाळी सहाच्या गाडीने निघणार, ते रात्री साडेअकरापर्यंत घरी येणार, मधल्या वेळेला काकू. सकाळी ती येऊन झोपेपर्यंत ते घरी, दुपारी ते निघतात तोवर तिची एक झोप झालेली. फर्स्टच्या आठवड्यात दोन-तीन दुपारपाळ्या बसत होत्या. थर्डच्या आठवड्यात काहीच नाही.

यजमानांच्या पाळीचा कागद समोर ठेवल्यावर महिन्याला सरासरी सहा नाईट आणि तीन दुपारपाळ्या निघाल्या, म्हणजे 9,450 रुपये. पीएफ कापून 8,300 च्या जवळपास. एसटीचे 400 आणि काकूंचे 600 वजा केले तर 7,300. घरात येणारे पैसे महिन्याला सुमारे 5,400 ने कमी होणार होते.

ही सरासरी झाली. जानेवारी-फेब्रुवारीत आमचा वॉर्ड निम्मा रिकामा असतो, तेव्हा तीन नाईट मिळाल्या तरी खूप. त्यामुळे मी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: घरखर्च यजमानांच्या पगारावर आणि तुझ्या सर्वांत हलक्या महिन्यावर बसवा. पावसाळ्यात जे जास्त येईल ते पोस्टातल्या वेगळ्या खात्यात टाक आणि हात लावू नको. यजमानांना हे पटायला वेळ लागला. बाईकचा हप्ता चालू होता, आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं म्हणजे काय हे हप्ता भरणाऱ्यालाच कळतं.

राजीनाम्याबरोबर ग्रॅच्युइटी, म्हणजे झालेल्या सेवेची एकरकमी रक्कम, मिळाली. शेवटची बेसिक भागिले 26, गुणिले 15, गुणिले पूर्ण वर्षं, असा तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्याचा हिशेब होता. 9,100 ला तो 5,250 येतो, नऊ वर्षांचे 47,250. शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं तर ते पूर्ण धरतात, म्हणजे आणखी चार-पाच महिने थांबली असती तर 5,250 वाढले असते. तिला ते सांगितलं. सासूबाईंना अजून धरून चालवावं लागत होतं, ती थांबली नाही, आणि मीही आग्रह केला नाही. ती रक्कम तिने हलक्या महिन्यांसाठी राखून ठेवली. ग्रॅच्युइटी मात्र तिथेच थांबली. पुढे ती चालू राहण्यासाठी वर्षात 240 दिवस काम लागतं आणि पर ड्युटीत ते होत नाही.

पीएफची गोष्ट

इथे खरी लढाई झाली. ऑफिसमधून सांगण्यात आलं की पर ड्युटी म्हणजे व्हाउचरवर पैसे, पीएफ नाही. असं बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं आणि मुलीही मान्य करतात, कारण हातात 12 टक्के जास्त दिसतात.

पण जिथे 20 किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्या आस्थापनेत रोजावर येणारा माणूसही पहिल्या दिवसापासून पीएफच्या कायद्यात येतो. तो कायम आहे की नाही हा प्रश्नच नाही. मालकाच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन योजनेत जातात, आणि 58 व्या वर्षी पेन्शन सुरू व्हायला किमान 10 वर्षांची सेवा लागते. सिस्टरची झाली होती नऊ वर्षं आणि थोडी वर. मुंबईतल्या नर्सिंग होममध्ये पीएफ नव्हताच, त्यामुळे ती दोन वर्षं जमेला नाहीत. वॉर्डातल्या मैत्रिणी तिला सांगत होत्या, “आता सगळं काढून घे, आजींच्या औषधाला होईल.” दहा वर्षांच्या आत पेन्शनचे पैसे काढले की तेवढी सेवा पुसली जाते. काम पूर्ण सोडत असाल तरी पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. सिस्टर तर काम सोडतच नव्हती. तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू ठेवायचा होता.

मी ही बाजू मोठ्या डॉक्टरांपुढे मांडली. ते ऐकणारे होते. हिशेबनिसांनी आकडे काढले तेव्हा दिसलं, की आधी बेसिकवर कपात होत होती, आता पूर्ण रोजावर होणार, त्यामुळे तिच्या खात्यात जाणारी रक्कम जवळजवळ तेवढीच राहते: आधी 1,092, आता सरासरी 1,134. म्हणजे पगार निम्मा झाला तरी म्हातारपणची पुंजी तशीच वाढत राहिली. सिस्टरचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला आहे. मुलांसाठी नोकरी सोडते आहे म्हणून स्वतःचं सगळं सोडून द्यायचं हे तिने जवळजवळ गृहीत धरलं होतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर

इतकं करूनही पहिले दोन महिने बिघडले. पीएफचं ठरलं, दर ठरला, पण कधी बोलवायचं हे कुणीच ठरवलं नव्हतं. ड्युटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी मेसेज यायचा, “आज नाईटला कोणी येऊ शकेल का?” सिस्टरला वॉर्डातली प्रत्येक मुलगी माहीत होती. ही आजारी, तिचं बाळ लहान, हे तिला डोळ्यांसमोर दिसायचं. ती हो म्हणायची. ऑक्टोबरात भातकापणी सुरू होते, तापाचे पेशंट चालूच असतात, आणि तिची जागा अजून भरलेली नव्हती. त्या महिन्यात तिच्या चौदा नाईट झाल्या. पैसे जवळजवळ कायम पगाराइतके आले.

घरी काय झालं ते मला मुलीकडून कळलं. दिवाळीच्या आधी सिस्टर तिला घेऊन वॉर्डात फराळ द्यायला आली होती. मी सहज विचारलं, आता आई जास्त घरी असते ना? मुलगी म्हणाली, “आधी आईची ड्युटी कालनिर्णयवर लिहिलेली असायची. आता कळतच नाही.”

पाचवीतल्या मुलीने आम्हा सगळ्यांना नेमकं सांगितलं. कायम नोकरीत आई जास्त वेळ बाहेर होती, पण कधी बाहेर आहे हे महिनाभर आधी घराला ठाऊक होतं. सासूबाईंची आंघोळ, मुलाचं जेवण, काकूंची वेळ, यजमानांची झोप, सगळं त्या कालनिर्णयवर बसवलेलं होतं. आता आई दिवसा घरी दिसायची आणि संध्याकाळी चारला मेसेज आला की साडी बदलून निघायची. सासूबाईंना फिजिओथेरपीचे व्यायाम करवायला तिने घरी राहायचं ठरवलं होतं, ते व्यायामच मागे पडले होते.

पर ड्युटीबद्दल बोलताना लोक तास मोजतात. मला वाटतं लहान मुलांच्या आणि आजारी माणसाच्या घरात तासांपेक्षा आधी कळणं महत्त्वाचं असतं.

एक पानी पत्र

डिसेंबरमध्ये आम्ही एक पत्र केलं. साध्या मराठीत, रुग्णालयाच्या लेटरहेडवर, दोन्हीकडच्या सह्या घेऊन.

दर महिन्याच्या 20 तारखेला सिस्टर पुढच्या महिन्याचे आपले दिवस लिहून देणार, यजमानांच्या पाळीचा कागद बघून. त्यातल्या किमान चार नाईट रुग्णालयाने तिला द्यायच्याच आणि तिने करायच्याच. दिलेल्या दिवसांबाहेर बोलावणं आलं तर ती कारण न सांगता नाही म्हणू शकते, आणि त्या नाही म्हणण्याची नोंद कुठे होणार नाही. हे वाक्य मी हट्टाने घातलं. कारण विचारायला लागलं की बाई कारण शोधायला लागते, आणि मग अपराधी वाटून येते.

ठरलेली ड्युटी सुरू व्हायला 12 तासांहून कमी उरले असताना रुग्णालयाने रद्द केली तर तिला अर्धे पैसे. वॉर्ड रिकामा आहे म्हणून “आज येऊ नका” असं पाच वाजता सांगणं सोपं असतं, पण तोवर काकूंना सांगून झालेलं असतं, भाकऱ्या करून झालेल्या असतात. यावर ऑफिस बराच वेळ अडून बसलं. पत्र झाल्यावर अशी वेळ फारशी आली नाही, कारण रद्द करण्याआधी विचार व्हायला लागला.

डबल ड्युटी नाही, हेही पत्रात आलं. ही अट माझी होती, सिस्टरची नव्हे. तिला दुपार आणि नाईट जोडून केली तर एक खेप वाचली असती. 18 तास जागी असलेली नर्स इन्सुलिनचे युनिट मोजताना मला वॉर्डात नको आहे, ती कितीही अनुभवी असो.

शेवटी राखीव दिवस: गणपतीचे पाच, शिमग्यात पालखी घरी येते तो दिवस, आणि मुलांच्या वार्षिक परीक्षेचा आठवडा.

कोकणातली अडचण

राखीव दिवसांवरून जी चर्चा झाली ती मला या प्रकरणाचा गाभा वाटते. आमच्याकडे रुग्णालयाला जास्त हात लागतात तेच दिवस घरालाही बाईची जास्त गरज असते. जून ते ऑक्टोबर लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, सर्पदंश. आणि त्याच काळात लावणी, कापणी, गणपती. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, गावाची माणसं दुप्पट होतात, महामार्गावर अपघात वाढतात, गोडधोड खाऊन मधुमेहाचे पेशंट येतात. आणि वॉर्डातल्या प्रत्येक मुलीला त्याच पाच दिवसांची सुट्टी हवी असते. मे महिन्यात शाळेला सुट्टी, आंब्या-काजूची कामं, लग्नं, पाहुणे. शहरातल्या नर्सला पर ड्युटी वर्षभर विभागून घेता येते. इथे हंगाम दोन्हीकडचा एकच.

मग पर ड्युटीवाल्या बाईला गणपतीचे पाचही दिवस मोकळे द्यायचे आणि कायम मुलींनी ड्युटी करायची, हे न्याय्य कसं? हा प्रश्न वॉर्डातून आला आणि तो रास्त होता. “ती मनाला येईल तेव्हा येते,” असं एक-दोघी बोलायला लागल्या होत्या. सिस्टरनेच तोड काढली. गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दहा दिवस तिने पूर्ण दिले, सलग नाईट न घेता एकाआड एक. ज्या मुलींना सणात सुट्टी मिळाली नव्हती त्यांना मग माहेरी जायला मिळालं. त्या वर्षी, 2024 ला, गणपती 7 सप्टेंबरला बसले. यजमानांनी त्या आठवड्यांत कंपनीत पाळी बदलून घेतली. मुलगी त्यासाठी कालनिर्णयवर लाल पेनने चौकोन करत बसली होती, असं सिस्टरने सांगितलं.

दुसरी कुरबूर पैशांची होती. एका नाईटचे 1,250 ऐकून कायम मुलींना वाटलं, आपल्याला तर दिवसाला इतके पडत नाहीत. मी रजा, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं जोडून फळ्यावर मांडलं. त्यानंतरही दोघींनी पर ड्युटी मागितली. एकीला दिली, दुसरीला नाही, कारण तिच्या घरी तिच्याशिवाय कमावतं कुणी नव्हतं आणि फेब्रुवारीत तिचं काय झालं असतं हे दिसत होतं. ती काही दिवस माझ्याशी बोलली नाही.

इथे एक गोष्ट रुग्णालय चालवणाऱ्यांसाठी. सिस्टरच्या जागी नोव्हेंबरात नवी कायम मुलगी घ्यायला मी लावलं. रिकामी जागा पर ड्युटीवाल्यांनी भरत राहायची, हा मोह सगळ्यांना होतो. तसं केलं की ग्रुपवरचे मेसेज कधीच थांबत नाहीत, आणि ज्या बाईने घरासाठी वेळ मागितला तिच्याच खांद्यावर रुग्णालयाची कमतरता येऊन बसते.

जुलैमधली एक रात्र

रुग्णालयाला यातून काय मिळालं, हे एका रात्रीवरून सांगते. 2024 चा जुलै. बांधावर गवत काढताना चावा बसलेला चाळिशीतला एक शेतकरी रात्री नऊनंतर आला. घरच्यांनी सांगितलं, फुरसं, म्हणजे विषारी साप. आमच्या जांभ्या कातळाच्या मुलखात फुरसं नवं नाही. पायाला थोडी सूज, बाकी माणूस बोलत होता. ड्युटीवर सिस्टर आणि नोव्हेंबरात लागलेली ती नवी मुलगी.

नव्या मुलीने रक्त घेतलं आणि हाताला लागली ती प्लास्टिकची ट्यूब उचलली. सिस्टरने तिचा हात थांबवला आणि कपाटातली कोरी, कोरडी काचेची नळी काढली. त्यात 2 मिली रक्त घालून ती स्टँडमध्ये ठेवली आणि बजावलं, 20 मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही, हलवून बघायचं नाही. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत रक्त नीट गोठत नाही आणि निकाल फसतो, हे पुस्तकात असतं; पण रात्री नऊला, नातेवाईक दारात उभे असताना, ते आठवावं लागतं. 20 मिनिटांनी नळी एकदाच आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. विष भिनलं होतं.

डॉक्टरांनी एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 कुप्या सांगितल्या. कुपीत कोरडी पावडर असते, त्यात पाणी घालून ती विरघळवायची. घाईत मुली ती जोरात हलवतात आणि सगळा फेस होतो. सिस्टरने नवीला एक कुपी दोन तळव्यांमध्ये धरून हळू फिरवायला शिकवलं. एकीकडे, औषधाची रिॲक्शन आली तर द्यायचं ॲड्रेनॅलिन भरून ट्रेमध्ये तयार. सलाईनमधून औषध सुरू झाल्यावर ती खाटेजवळच उभी राहिली, अंगावर गांधी उठतात का, श्वास लागतो का ते बघत. सहा तासांनी पुन्हा काचेची नळी. या वेळी रक्त गोठलं.

सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना, नव्या मुलीने सगळं स्वतः सांगितलं, एकही गोष्ट न विसरता. सिस्टरने नोकरी पूर्ण सोडली असती तर नऊ वर्षांत हातात बसलेलं हे ज्ञान मार्गताम्हाण्याच्या एसटीबरोबर निघून गेलं असतं.

पर ड्युटीवाल्या नर्सचा एक धोकाही आहे, तो लपवत नाही. आठ दिवसांनी वॉर्डात आल्यावर पेशंट नवे असतात, ट्रॉलीतल्या वस्तू हललेल्या असतात. त्यासाठी आम्ही तिला अर्धा तास आधी बोलवायचो आणि त्याचे पैसे धरायचो. ओव्हर टेबलावर बसून न घेता खाटेखाटेशी उभं राहून. मग इमर्जन्सी ट्रॉली, ऑक्सिजनचा काटा, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा बल्ब, एएसव्हीच्या कुप्यांची मोजणी. दर पाच वर्षांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण आणि त्यासाठी लागणारे प्रशिक्षणाचे पॉइंट हेही आता तिचं तिलाच बघावं लागतं. कायम असताना ऑफिस आठवण करायचं.

आजची स्थिती

सासूबाई वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात. मुलगा 2024 च्या जूनमध्ये पहिलीत गेला. पहिल्या वर्षाचा हिशेब केला तेव्हा महिन्याचा फरक अंदाजापेक्षा थोडा कमी निघाला, कारण पावसाळा जोरात गेला. पण जानेवारी आणि फेब्रुवारी ग्रॅच्युइटीच्या पैशांवर काढावे लागले. बाईकचा हप्ता फिटला आहे. यजमानांशी पैशांवरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं. हेही सिस्टरने लिहायला सांगितलं.

पुढचा प्रश्न सुटलेला नाही. कायम नोकरीत परत यायचं झालं तर ज्येष्ठता गेली, पगार नव्याने सुरू होणार. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला 38 आणि आरक्षित प्रवर्गाला 43 ही वयोमर्यादा आहे. तिला दुसरी लागू होते, त्यामुळे काही वर्षं हातात आहेत. त्यासाठी अनुभवाचा दाखला लागेल, आणि पर ड्युटीचा अनुभव कसा लिहायचा याचा ऑफिसात ठरलेला नमुना नव्हता. मी तिथून निघण्याआधी तो करून घेतला. त्यात कायम सेवेची नऊ वर्षं तारखांसह वेगळी आहेत. आणि त्याखाली पर ड्युटीच्या प्रत्येक महिन्याच्या पाळ्या, वॉर्डाचं नाव आणि तास, मस्टरवरून उतरवलेले. दर सहा महिन्यांनी तो पुढे लिहून सही-शिक्क्यासह तिला द्यायचा, असं ठरलं आहे. पहिली प्रत तिच्याकडे आहे.